चालू संगणकाच्या निर्लेखनावर माझी सही मिळणार नाही

प्रति,
मुख्याध्यापक, संस्थाचालक आणि शाळा व्यवस्थापन समित्यांचे सर्व सदस्य

विषय: ‘विंडोज १० बंद’ हे कारण दाखवून शाळेतले चालू संगणक भंगारात काढण्याबाबत

सप्रेम नमस्कार वि. वि.,

मी तालुक्याच्या गावी संगणक दुरुस्तीचं दुकान चालवतो. आसपासच्या शाळांच्या संगणक कक्षांची कामं बरीच वर्षं माझ्याकडे आहेत. हल्ली निर्लेखनाच्या, म्हणजे जुनं सामान नोंदवहीतून कायमचं कमी करण्याच्या, याद्या माझ्याकडे तांत्रिक अभिप्रायासाठी येतात. त्यांत ‘कारण’ या रकान्यात पहिल्या ओळीला ‘विंडोज १० बंद झाल्यामुळे कालबाह्य’ असं लिहिलेलं असतं आणि खाली शेवटपर्यंत ‘वरीलप्रमाणे, वरीलप्रमाणे’. मी लॅबमध्ये जाऊन बटण दाबतो, तर बहुतेक मशीन चालू होतात. प्रत्येक मुख्याध्यापकांशी तीच हुज्जत पुन्हा घालण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना लिहावं म्हटलं.

आधी एक गोष्ट साफ करतो. तुम्ही नवे संगणक घेतलेत तर मला त्यात जास्त पैसे सुटतात. जुन्यात एसएसडी (हार्डडिस्कच्या जागी बसणारी वेगवान डिस्क) बसवून दिली तर हमाली जास्त आणि मजुरी मागताना लाज वाटावी अशी. तेव्हा ‘हा आपला धंदा बघतोय’ हा आक्षेप या पत्राला लागू पडत नाही.

आता झालंय काय ते बघू. १४ ऑक्टोबर २०२५ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे मोफत अपडेट, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणाऱ्या सुधारणा, थांबवले. थांबले ते अपडेट, संगणक नव्हे. काल ज्यावर मुलं पेंटमध्ये घर-झाड-डोंगर काढत होती, त्यावर आजही काढता येतात. नेटला जोडलेल्या मशीनला मात्र धोका आहे आणि तो दर महिन्याला वाढत जाणार, हे मी नाकारत नाही. ऑफिसातल्या ज्या संगणकावर मुलांचे आधार क्रमांक आणि पासबुकांचे स्कॅन आहेत, तो आहे तसा चालवू नका. त्याची व्यवस्था आधी लावा. पण लॅबमधल्या रांगेतल्या मशीनना त्याच मापाने मोजून सगळी रांगच उचलायची, हे काही पटत नाही.

विंडोज ११ आली २०२१च्या ऑक्टोबरात. तिच्या अटी तेव्हापासून त्याच आहेत: इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर (सातवीतले मोजके अपवाद), एएमडी असेल तर साधारण रायझन २००० मालिकेपासून पुढचा, टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना खोटं सॉफ्टवेअर अडवणारी सोय), ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा. आपल्याकडच्या बहुतेक लॅबमध्ये दुसऱ्या ते चौथ्या पिढीचे आय-थ्री किंवा पेंटियम आहेत, एच-६१ नाहीतर एच-८१च्या मदरबोर्डवर. ते या अटीत बसत नाहीत आणि बसणारही नाहीत. अटी चुकवून विंडोज ११ घालून देणारे आहेत, मलाही येतं ते. पण तशा मशीनला अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. घरी हौस म्हणून करा, शाळेत नको.

दुसरी बाजू अशी की, जे संगणक विंडोज ११ला पूर्ण पात्र आहेत तेही यादीत सापडतात. २०१८-१९ नंतर घेतलेल्या मशीनवर तपासणीचं सॉफ्टवेअर ‘हा संगणक चालणार नाही’ असा लाल फुलीचा शेरा देतं आणि सगळे त्यावर विश्वास ठेवतात. प्रत्यक्षात टीपीएम मशीनमध्येच असतो, फक्त बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये) बंद ठेवलेला असतो. इंटेलच्या बोर्डवर त्याचं नाव पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम. तो चालू केला की एक अट सुटली. सिक्युअर बूटचं घोडं अडतं ते विंडोज जुन्या लेगसी पद्धतीने टाकलेली असल्यामुळे. हार्डडिस्कची मांडणी एमबीआर या जुन्या पद्धतीवरून जीपीटी या नव्या पद्धतीवर नेली की तेही सुटतं. मायक्रोसॉफ्टने त्यासाठी साधन विंडोजमध्येच दिलंय आणि सगळं नीट झालं तर डेटा जागचा हलत नाही. तरी बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू देऊ नका, मलासुद्धा. म्हणून यादीत नाव चढवण्याआधी प्रत्येक मशीनच्या प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून काढा. ‘आय-थ्री’ एवढंच लिहून भागत नाही.

आता जे बसत नाहीत त्यांचं काय. इथे एक बातमी शाळांपर्यंत पोचलेलीच दिसत नाही. मायक्रोसॉफ्ट विंडोज १०साठी विकतचे सुरक्षा अपडेट देतेय आणि शिक्षणसंस्थांना त्याचा दर नाममात्र ठेवलाय: एका संगणकाला पहिल्या वर्षी १ डॉलर, दुसऱ्या वर्षी २, तिसऱ्या वर्षी ४. तिन्ही वर्षांचे मिळून ७ डॉलर, ऑक्टोबर २०२८पर्यंत. हाच अपडेट व्यावसायिक कंपन्यांना पहिल्याच वर्षाला ६१ डॉलरला पडतो. शाळांना तो शिक्षणसंस्थांसाठीच्या परवाना योजनेतून घ्यावा लागतो. एकेकट्या शाळेने त्यामागे धावण्यापेक्षा ज्या संस्थेच्या पाच-दहा शाखा आहेत तिने एकत्र घेतलेलं बरं. मध्येच जागं होऊन दुसऱ्या वर्षापासून घ्यायचं म्हटलं तर पहिल्या वर्षाचेही पैसे भरावे लागतात. मशीनवर विंडोज १०ची २२एच२ ही शेवटची आवृत्ती असायला हवी.

हे वाचून तुमच्यापैकी काही जण गप्प होतील, कारण लॅबमधली विंडोज विकत घेतलेलीच नाही. कॅबिनेटवर परवान्याचा स्टिकर नाही, बिलावर विंडोजची ओळ नाही. पुरवठादाराने एका पेनड्राइव्हवरून सगळीकडे तीच टाकली आणि ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करून दिली. मी कुणाकडे बोट दाखवत नाही, या हमामात सगळेच आहेत. पण अशा चोरीच्या प्रतीला हे विकतचे अपडेट कोण देणार? तिथे तर ‘विंडोज १० बंद झाली’ ही तक्रार करण्याचाही हक्क उरत नाही. आणि ते अ‍ॅक्टिव्हेट करणारं सॉफ्टवेअर चालावं म्हणून अँटिव्हायरस बंद करून ठेवलेला असतो, तो वेगळाच घोर.

या सगळ्या लॅबना माझा सल्ला एकच: विंडोज काढून तिच्या जागी लिनक्स ही फुकटची यंत्रणा घाला. नाव काढलं की कपाळावर आठ्या पडतात हे मला माहीत आहे. म्हणून केरळचं सांगतो. तिथल्या सरकारी आणि अनुदानित शाळा वर्षानुवर्षं लिनक्सवर चालतात. काइट ही त्यांची सरकारी संस्था उबुंटू या लिनक्सच्या प्रकारावर आधारलेली स्वतःची आवृत्ती काढते, शाळांना देते, शिक्षकांना शिकवते आणि मुलांचं पाठ्यपुस्तकही त्यावरच बेतलेलं असतं. हे कुणा हौशी मास्तराचं एका शाळेतलं खूळ नाही, अख्ख्या राज्याचा कारभार आहे. तिथल्या मुलांचं त्यावाचून काही अडलेलं दिसत नाही.

आपल्या शाळेत मुलं संगणकावर नेमकं काय करतात ते बघा. चित्र काढतात, टायपिंग करतात, प्रेझेंटेशन बनवतात, स्क्रॅचमध्ये मांजर नाचवतात, जिओजेब्रात त्रिकोण फिरवतात, ब्राउझरमध्ये व्हिडिओ बघतात. यातलं काहीही लिनक्स मिंटवर (हाही लिनक्सचाच एक प्रकार) अडत नाही. मिंटची २२वी आवृत्ती २०२९पर्यंत सांभाळली जाणार आहे आणि तिचा हलका अवतार, एक्सएफसीई, ४ जीबी रॅमवर सुखाने चालतो. मराठी टायपिंगला इनस्क्रिप्ट कीबोर्ड त्यातच आहे. लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरचे मेनूसुद्धा मराठीत करता येतात. पाचवीच्या मुलांना ‘फाइल’, ‘संपादन’ असं मराठीत दिसलं की ती न विचारता पुढे जातात, हे मी बघितलंय. मोठी माणसं मात्र अडतात, कारण स्टार्टचं बटण नेहमीच्या जागी दिसत नाही. मिंटमध्ये ते खाली डाव्या कोपऱ्यातच आहे, तरीही अडतात.

जिथे लिनक्स चालणार नाही तेही सांगतो, नाहीतर मला अर्धवट प्रचारक म्हणाल. डिजिटल सहीचं डोंगल, हिशेबाचं टॅली, आणि सुरेख, श्रीलिपी, कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये साठलेल्या प्रश्नपत्रिका, या तिघांसाठी विंडोज लागते. बारावीला आयटी विषय असेल तर ऑनलाइन परीक्षेसाठी बोर्ड जी यंत्रणा सांगेल तीच ठेवावी लागेल, आधी परिपत्रक वाचा. म्हणून ऑफिसात एक-दोन चांगले, परवाना असलेले विंडोज ११चे संगणक घ्या, जरूर घ्या. युडायस, सरल, शालार्थ या सरकारी पोर्टलांवरची रोजची कामं ब्राउझरमध्येच होतात. पण क्लार्क भाऊसाहेबांची सवय मोडायच्या भानगडीत मी पडत नाही. जुन्या फॉन्टच्या फाइलींसाठी एक जुना संगणक नेटची वायर काढून तसाच ठेवला तरी चालतो.

हे झालं सॉफ्टवेअरचं. पण खरं दुखणं बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचं नसतंच.

एका माध्यमिक शाळेतून फोन आला: ‘एकाही संगणकावर नेट चालत नाही, लॅब गेली.’ नव्या संगणकांची दरपत्रकंही मागवून झाली होती. जाऊन बघतो तर मोबाइलवर वायफाय झकास, संगणकावर मात्र कुठलीही साइट उघडली की ‘तुमचं कनेक्शन खाजगी नाही’ असा इशारा. खाली उजव्या कोपऱ्यात नजर टाकली, तारीख २०१२ सालची. शिपाईमामांना विचारलं, चालू करताना काही दाबावं लागतं का? ते म्हणाले, ‘हो तर, रोज सकाळी प्रत्येकापुढं जाऊन एफ-वन दाबतो, तेव्हा पुढं सरकतंय.’ रोगाचं निदान मामांनीच करून ठेवलं होतं, त्यांना कुणी विचारलं नव्हतं इतकंच. बोर्डवर एक गोल सेल असतो, सीआर २०३२ नावाचा, तीन व्होल्टचा. संगणक बंद असताना घड्याळ आणि बायोसच्या नोंदी तो सांभाळतो. तो मेला की मशीन दर वेळी आपल्या जन्मसालात जाऊन उभं राहतं. सुरक्षित साइट आपलं जे प्रमाणपत्र दाखवते त्यावर मुदतीच्या तारखा असतात, आणि २०१२मध्ये उभ्या असलेल्या संगणकाला आजचं प्रमाणपत्र खोटं वाटतं. सेल घड्याळाच्या दुकानातही मिळतो, किंमत चहा-वड्याची. सगळे बदलले, तारखा लावल्या, लॅब सुरू. आणि हे सगळीकडे एकदमच का झालं? मे महिन्याच्या सुट्टीत मेन स्विच खाली पाडलेला होता. वायरला वीज असली की सेलवर भार येत नाही, सुट्टीभर मात्र सगळा भार त्याच्यावरच. वर्षं झालेले सेल सुट्टीतच जातात आणि जूनमध्ये ‘लॅब गेली’ असा फोन येतो.

असंच तीन वेळा ‘बीप बीप बीप’ करून काळी स्क्रीन देणाऱ्या संगणकाचं. बहुधा रॅमच्या पट्टीवर दमट हवेने मळ बसलेला असतो. वायर काढायची, पट्टी बाहेर घ्यायची, तिच्या सोनेरी दातांवरून साधं खोडरबर फिरवायचं, कचरा झटकायचा, परत खटकन बसवायची. कोकणाच्या बाजूच्या शाळांना हे दर पावसाळ्यानंतर करावं लागतं. नववी-दहावीच्या मुलांना एकदा दाखवलं की ती करतात, आणि संगणकाच्या पोटात काय असतं हे पुस्तकातल्या आकृतीपेक्षा चांगलं समजतं. पण आपल्याकडे कॅबिनेट उघडणं म्हणजे पाप! कारण डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे शाळेच्या कायम सामानाची नोंदवही. काही गेलं तर लॅबच्या सरांच्या पगारातून वसुली होईल ही भीती. मग लॅबला कुलूप, कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या कपाटात, आणि संगणक न वापरल्यानेच खराब होतात. धूळ, पाली, मुंग्या. एका एसएमपीएसमध्ये (कॅबिनेटमधल्या वीजपुरवठ्याच्या डब्यात) पालीची अंडी सापडली होती.

संगणक ‘स्लो’ झाला ही तक्रार तर सगळ्यांचीच असते. टास्क मॅनेजर उघडा, डिस्कच्या रकान्यात १०० टक्के दिसेल आणि प्रोसेसर निवांत बसलेला. म्हणजे दोष प्रोसेसरचा नाही. फिरत्या तबकडीच्या हार्डडिस्कला एकेक तुकडा शोधायला दहा-बारा मिलिसेकंद लागतात. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे शोधावे लागतात. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ते काम शंभरपट लवकर होतं. एच-६१ बोर्डवर सॅटाचा, म्हणजे डिस्कच्या जोडणीचा, वेग जुना, म्हणजे एसएसडीचा पुरा वेग मिळत नाही. तरी फरक असा पडतो की चार-पाच मिनिटं घेणारं मशीन अर्ध्या मिनिटात उभं राहतं. २५६ जीबीची साधी सॅटा एसएसडी आणि रॅम चारची आठ, एवढ्यावर तिसऱ्या पिढीचा आय-थ्री शाळेत अजून काही वर्षं आरामात काढतो. या जुन्या बोर्डना लागते ती डीडीआर-३ रॅम सेकंडहँड मिळते. अट एकच, दुकानदाराला बसवून, तपासणीचं सॉफ्टवेअर चालवून दाखवायला लावा.

नवे संगणक घ्यायला तर सध्याचा काळच वाईट आहे. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी हवी म्हणून कारखाने तिकडे वळलेत आणि २०२५च्या शेवटापासून रॅमचे भाव चढत गेले. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशियल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा आपला ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. एसएसडीलाही त्याची झळ लागलीय. म्हणूनच मी इथे भाव लिहीत नाही, पत्र तुमच्या हातात पडेपर्यंत ते बदललेले असतील. एवढं मात्र खरं की एका नव्या संगणकाच्या पैशांत जुन्या बऱ्याच मशीनची एसएसडी निघते.

वीज हा विषय कुणी काढत नाही, म्हणून मी काढतो. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, अशी मुलांची तक्रार असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. एसएमपीएसमध्ये विजेतला खडखडाट गाळून जमिनीत सोडणारी व्यवस्था असते. अर्थिंगच नसेल तर ती गळती कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन थांबते. करंट अगदी थोडा असतो, पण अर्थिंग नसल्याची ती पक्की खूण आहे, आणि उद्या वायर सोलली गेली तर तोच पत्रा जीव घेऊ शकतो. शाळा बांधताना मीठ-कोळसा घालून केलेला अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा ठणठणीत होतो. त्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता, आणि वर्षातून एकदा वायरमनकडून तपासून घ्या. तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन तोडून टाकलेल्या लॅब मी पाहिल्यात. अशा लॅबमध्ये कितीही नवे संगणक आणून ठेवा, एसएमपीएस आणि बोर्ड उडतच राहणार.

पैसे कुठून आणायचे, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. सरकारी शाळांना समग्र शिक्षाचं संयुक्त शाळा अनुदान पटसंख्येनुसार मिळतं, आणि शाळेतलं नादुरुस्त साहित्य बदलणं हा त्याच्या हेतूंपैकीच एक आहे. ते वीजबिलात आणि रंगरंगोटीत संपतं, हेही मला दिसतं. उरले देणगीदार. माजी विद्यार्थी मेळाव्यात दहा संगणक देऊ म्हणतात, दहा एसएसडी देऊ असं कुणी म्हणत नाही. आपल्याकडे शाळेच्या पंख्याच्या पातीवरसुद्धा ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ असं रंगवता येतं. एसएसडी बिचारी पोटात जाते, तिच्यावर नाव कुठे रंगवणार? माझी सूचना अशी की लॅबच्या दारावर एक पाटी करा आणि दुरुस्तीला पैसे देणाऱ्यांची नावं तिच्यावर लिहा. फीत कापायची असेल तर तीही कापा, माझी हरकत नाही.

तरीही नवे घ्यायचेच असतील, तर दरपत्रक मागवताना शब्द जपून लिहा. ‘आय-फाइव्ह, ८ जीबी, ५०० जीबी’ असं लिहिलंत की दुसऱ्या पिढीचा आय-फाइव्ह चकचकीत नव्या कॅबिनेटमध्ये घालून येतो, आणि कागदोपत्री पुरवठादाराने काहीही चुकीचं दिलेलं नसतं. प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक मागा. आय-फाइव्ह २४०० मधला पहिला दोन म्हणजे दुसरी पिढी, आय-थ्री १२१०० मधले पहिले बारा म्हणजे बारावी. हा बारावीचा आय-थ्री त्या दुसरीच्या आय-फाइव्हला सहज मागे टाकतो. नाव मोठं म्हणून मशीन मोठं नसतं. रॅम ८ जीबीची एकच पट्टी मागा म्हणजे दुसरी खाच पुढच्यासाठी मोकळी राहते. मॉनिटर जुनेच वापरा, फक्त नव्या सीपीयूला व्हीजीए पोर्ट (जुन्या मॉनिटरची वायर बसते ती जागा) आहे ना ते विचारा.

ऑल-इन-वन (मॉनिटरच्या पोटातच सगळा संगणक) मात्र शाळेसाठी घेऊ नका. टेबल छान दिसतं, वायरी कमी, फोटो सुरेख. पण स्क्रीन गेली की सगळंच गेलं. पोटातले भाग त्या-त्या मॉडेलपुरतेच असतात आणि तालुक्याला मिळत नाहीत.

सेकंडहँड घ्यायला हरकत नाही, उलट माझी पहिली पसंती तीच आहे. मोठ्या कंपन्या भाडेकराराची मुदत संपली की डेल ऑप्टिप्लेक्स, एचपी प्रोडेस्क, लिनोवो थिंकसेंटर असली मशीन एकदम काढतात. आठव्या पिढीच्या पुढचं निवडून घेतलं तर विंडोज ११ही चालते, आणि अशा मशीनसोबत परवाना बहुधा असतो. एक गोम ध्यानात ठेवा: यांतल्या बऱ्याच मशीनचा एसएमपीएस आणि त्याची पिन कंपनीच्या स्वतःच्या मापाची असते, बाजारातला नेहमीचा बसत नाही. म्हणून एकाच मॉडेलची मशीन घ्या आणि एक मशीन जास्तीचं घ्या, त्याचे भाग बाकीच्यांना उपयोगी पडतील.

काही यंत्रांवर मी डोळे मिटून सही करीन. कोअर टू ड्युओ आणि त्याआधीचे सगळे, जाड काचेचे मॉनिटर, फुगलेल्या कपॅसिटरचे आणि गंज चढलेले बोर्ड. त्यांना जाऊ द्या. पण जाऊ देताना दोन गोष्टी सांभाळा. पहिली, हार्डडिस्क काढून ठेवा. ऑफिसच्या संगणकात मुलांचे दाखले, जात प्रमाणपत्रं, आधार, पालकांचे खाते क्रमांक असतात. ‘डिलीट’ केलेलं परत काढता येतं, फॉरमॅट केलेलंही बऱ्याचदा निघतं. डिस्क चालू असेल तर पूर्ण पुसून द्या, बंद पडलेली असेल तर तबकडीला ड्रिलने भोकं पाडा. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आता आपल्यालाही लागू होतोय आणि त्यात मुलांच्या माहितीची जबाबदारी वेगळी सांगितलेली आहे. दुसरी गोष्ट, वजनावर घेणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. तो तांब्यासाठी वायरी जाळतो आणि बोर्ड पुढे अ‍ॅसिडात जातात. एप्रिल २०२३पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. नोंदणी असलेल्या पुनर्वापर केंद्राला द्या आणि पावती घेऊन फाइलला लावा. केंद्र जिल्ह्याला नसेल तर तीन-चार शाळांनी मिळून एकच गाडी भरा.

तेव्हा आता यादी परत पाठवतोय. प्रत्येक मशीनपुढे प्रोसेसरचा क्रमांक, रॅम, डिस्कचा प्रकार आणि बटण दाबल्यावर काय होतं ते लिहून आणा. मोबाइलवर फोटो काढून पाठवलेत तरी चालेल. लॅबच्या सरांना शनिवारी दुपारी मोकळीक दिलीत तर मी येऊन कॅबिनेटं उघडून दाखवीन, त्याचे पैसे घेणार नाही. रजिस्टरवर ‘हार्डडिस्क बदलून एसएसडी बसवली’ अशी नोंद कशी करायची याचा नमुनाही देईन. जुनी हार्डडिस्क क्रमांकासह कपाटात ठेवली की ऑडिटला उत्तर देता येतं.

कळावे,
आपला,
तालुक्यातला एक संगणक दुरुस्तीवाला

ता.क.: टॅबचं लिहायचं राहिलं. बऱ्याच शाळांत ते वाटप झाल्यापासून डब्यातच आहेत. लिथियमची बॅटरी पूर्ण रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडली की मरते, आणि पूर्ण भरून उकाड्यात ठेवली तरी लवकर झिजते. निम्मं चार्जिंग करून सावलीतल्या कपाटात ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा बघा. ज्याची स्क्रीन मध्येच उचलली गेलीय किंवा पाठ फुगलीय, तो चार्जिंगला लावू नका, दाबू नका, मुलांच्या हातात तर मुळीच देऊ नका. पत्र्याच्या डब्यात वाळू घालून त्यात ठेवा आणि मला फोन करा. काही मॉडेलांची बॅटरी मिळते, काहींची नाही. केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याच्या समितीने मोबाइल-टॅबसारख्या वस्तूंना दुरुस्तीच्या सोयीनुसार गुण द्यावेत असा अहवाल मे २०२५मध्ये दिलाय. फ्रान्समध्ये काही वस्तूंवर असा आकडा दुकानात किमतीशेजारी लावायला २०२१मध्येच सुरुवात झाली. आपल्याकडे तो येईल तेव्हा येईल. तोवर नवे टॅब घेताना पुरवठादाराकडून बॅटरी आणि स्क्रीन किती वर्षं मिळेल, हे लेखी घ्या. तोंडी ‘मिळेल की सर’ याला काही अर्थ नसतो.